मॅडमबद्दल बसमध्ये काय बोलतात

माझी बायको आकुर्डीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि मी चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये आहे. तिची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी अशी आठवड्याच्या मधेच असते. त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकाच दिवशी घरात असलो ते सणासुदीला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. आपला संसार टिकला तो यामुळेच, असं ती म्हणते. मी त्यावर वाद घालत नाही.

तरीही तिच्या कॉलेजातल्या नोकरीबद्दल तिच्या स्टाफरूमला नसेल एवढी माहिती मला असायची. त्याचं कारण कंपनीची बस. ही बस सकाळी निगडीहून निघते, तळवड्याला थांबते आणि कंटेनरच्या रांगेत रखडत चाकणला पोचते. मागच्या चार-पाच रांगांत तरुण पोरं बसतात आणि त्यांतली बरीच माझ्या बायकोच्या हाताखालून गेलेली. आमच्या भागात रसायनशास्त्र शिकलेल्या पोरांना पहिली नोकरी लागते ती कुठल्यातरी कारखान्याच्या लॅबमध्ये: रंगकामाची लॅब, प्लेटिंगची लॅब, सांडपाण्याची लॅब. ही पोरं तिथेच जात असतात आणि जाता जाता कॉलेजच्या गप्पा मारतात. त्या गप्पांत नुसतं ‘मॅडम’ म्हटलं की ती माझी बायको. बाकीच्या मॅडमना नावं होती.

तिनं मला रोज स्कूटरवरून निगडीच्या थांब्यावर सोडायचं, हा आमचा जुना शिरस्ता. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, हातात कोपरापर्यंतचे मोजे. आमच्याकडे सगळ्याच बायका स्कूटरवर अशा असतात. चार जणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तर नवऱ्यानंसुद्धा नीट बघूनच मागे बसावं. त्यामुळे मला सोडून जाणारी बाई कोण हे पोरांना कळणं शक्यच नाही, असं मी धरून चाललो होतो. मी होऊन कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गप्पा बंद पडल्या असत्या, आणि सकाळच्या त्या रखडपट्टीत माझी तेवढीच करमणूक होती.

काय काय ऐकलं मी! “राव, ब्युरेट धुतला म्हणून दाखवायला गेलो, तर मॅडम म्हणाल्या, उजेडात धरा. धरला. काचेला एक थेंब चिकटलेला दिसला. परत धुवा! आईशपथ सांगतो, लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासायला आलोय असं वाटलं.” हा चिंचवडचा एक बोलका मुलगा. त्याला मी मनातल्या मनात बोलकाच म्हणायचो. कुणी सांगायचं की तोंडी परीक्षेत मॅडमनी ‘माहीत नाही’ हे उत्तर ऐकून मार्क दिले आणि ‘बहुतेक असं असेल’ म्हणणाऱ्याला बाहेर काढलं. मी खिडकीकडे तोंड करून हसायचो.

एवढी वर्षं ऐकून माझं एक मत झालं होतं. विद्यार्थ्याचं शिक्षकाबद्दलचं मत हे बरंचसं त्याच्या स्वतःच्याच दिवसमानाबद्दल असतं. नुकता पास झालेला मुलगा मॅडमना शिव्या घालतो. दोनेक वर्षं नोकरी झाली की ‘तेव्हा नको वाटायचं’ एवढ्यावर येतो. लग्न होऊन पोरगं शाळेत घातलं की त्याला अशाच कडक मॅडम त्या पोराला मिळाव्यात असं वाटायला लागतं. मधेच सुपरवायझरनं झापलं की मॅडम पुन्हा वाईट होतात. माझ्या बायकोत यातल्या कशानं काडीचाही फरक पडलेला मी पाहिला नाही.

ती कडक होती म्हणजे नेमकी कशी, हे सांगायला हवं. तिच्या लॅबमधलं नेहमीचं काम असं असतं. ब्युरेट म्हणजे रेघा आखलेली काचेची लांब नळी. तिच्यातून द्रावण थेंबाथेंबानं खालच्या चंबूत सोडायचं, चंबूतला रंग बदलला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. त्या आकड्याला पोरं रीडिंग म्हणतात. याला टायट्रेशन म्हणतात. असं तीनदा करायचं. शेवटच्या रेघेच्या पुढचं नजरेनं अंदाजून वाचायचं. आता पोरांची युक्ती अशी, की सीनियरच्या जर्नलमधून अंतिम उत्तर आधीच घ्यायचं, तिथून उलटं गणित करत मागे यायचं आणि ज्यातून ते उत्तर निघेल ते रीडिंग तिन्ही ओळींत टाकून मोकळं व्हायचं. ब्युरेटला हात नाही लावला तरी चालतं. ही बनवलेली रीडिंग पकडणं हा माझ्या बायकोच्या आयुष्यातला मोठा उद्योग होता. तिचं म्हणणं, हात माणसाचा, डोळा माणसाचा, एखादा थेंब इकडेतिकडे होणारच. तिन्ही आकडे तंतोतंत जुळले की समजावं, कुणीतरी बसून जुळवलेत.

हे ती कॉलेजात ठेवून घरी आली असती तर प्रश्न नव्हता. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं. “पाणी कधी गेलं?” असं तिनं विचारलं आणि मी “सातला” म्हणालो, की लगेच, “सातला, की सातच्या सुमाराला? घड्याळ बघितलंत?” आमचा मुलगा बंगळूरला नोकरी धरून राहिला त्यात या प्रश्नांचा थोडा तरी वाटा असणार.

बसमधलं मी घरी सांगायचो, पण गाळून. शिव्या काढायच्या, नकला काढायच्या आणि चहा पिता पिता दोन बरी वाक्यं ठेवून द्यायची. ती ऐकत नसल्यासारखं करायची आणि मग कप जरा जास्त वेळ धुवत राहायची. तिला बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

यंदा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. एम.एस्सी.च्या निम्म्या मुलांच्या जर्नलवर तिनं सही केली नाही. सगळ्यांची रीडिंग एका साच्यातली होती. सही नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. मग पालक आले. त्यांत एका जुन्या गावकीतल्या घरातले वडील होते. पांढरी टोपी, पायांत नवे कोरे बूट. ते आवाज न चढवता म्हणाले, “म्याडम, आमी काय शिकलेलो न्हाई. पर एका सहीपायी पोराचं वरीस जातंय, एवढं आमाला कळतंय.” माझी बायको त्यांना म्हणाली, “वर्ष सहीमुळे नाही जात, काका.” पण घरी आल्यावर ती दोनदा म्हणाली की ते गृहस्थ वाईट नव्हते.

त्यात मुलांची मतं आली. कॉलेज हल्ली मोबाइलवर मुलांची मतं मागवतं, नाव न लिहिता. प्राचार्यांनी त्यांतली काही वाचून दाखवली आणि अतिशय आदरानं सुचवलं की पुढच्या टर्मपासून लॅब नुकत्याच लागलेल्या एका नव्या मॅडमकडे द्यावी, हिनं फक्त लेक्चर घ्यावीत. राहिलेल्या जर्नलवर सह्याही नव्या मॅडम करतील. सोमवारी सांगा म्हणाले.

लॅब गेली तर तिच्याकडे खडू आणि फळा उरणार होता. हातानं शिकायचा विषय तिनं तोंडानं शिकवायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ‘जरा लॅबमध्ये जाऊन येते’ म्हणून जाणारी बाई ती. तिथून आली की तिच्या बोटांना कसलासा आंबट वास यायचा आणि ती खुशीत असायची. त्या शुक्रवारी ती कॉलेजातून आली ती पर्स न काढताच जेवणाच्या टेबलाशी बसली. मग म्हणाली, “अहो, बसमध्ये माझ्याबद्दल काय बोलतात?”

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगायचो ते वेगळं. मी गडबडलो.

“चांगलंच बोलतात.”

“म्हणजे काय बोलतात? कोण?”

मी म्हटलं, तो चिंचवडचा मुलगा म्हणतो, मॅडम कडक आहेत पण न्यायानं वागतात. दुसरा एक आहे लातूरकडचा, कायम कानात इअरफोन घालून बसतो, तो म्हणतो, कडक आहेत पण शिकवण्यात तोड नाही. आणि तळवड्याला एक मुलगी चढते, आमच्याच कंपनीच्या रंगकामाच्या लॅबमध्ये आहे, तिचं म्हणणं, कडक आहेत पण मनानं फार चांगल्या. यातलं शेवटचं मी तिथल्या तिथे रचलं होतं. त्या मुलीनं मॅडमबद्दल एक अक्षरही कधी काढलेलं नव्हतं.

बायकोनं बोटं मोजली.

“तीन वेगळी माणसं. वेगवेगळ्या वर्षांची. आणि तिघांचं मत एकच?”

“हो. म्हणजे साधारण.”

“साधारण नाही, तंतोतंत. तुम्ही बनवून सांगताय. उत्तर आधी ठरवलंत आणि तिथून मागे आलात.”

लग्नानंतर मी पुष्कळदा पकडला गेलो आहे, पण रसायनशास्त्रात पहिल्यांदाच. मला हसू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, “मला कच्चं सांगा. उद्या जातच आहात, तर विचारा आणि बोलतील तसंच्या तसं आणा. पोरांना मी खरंच नको असेन तर सोमवारी मी लॅब सोडून देते. पण ते खरं आहे हे कळल्याशिवाय मी सोडायची नाही. आणि खोटं ऐकून थांबायची पण नाही.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसलो. बोलका आणि इअरफोनवाला शेजारी शेजारी होते. मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, “काय रे, त्या तुमच्या मॅडम, ज्यांच्याबद्दल तुम्ही नेहमी बोलता, त्या खऱ्या कशा आहेत?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलका म्हणाला, “काका, खरं सांगू, का घरी सांगण्यासारखं सांगू?”

“घरी म्हणजे?”

“अहो काका, स्कार्फनं तोंड झाकतं, आवाज झाकतो का? रोज थांब्यावर मॅडम तुम्हाला म्हणतात, डबा घेतला? चष्मा घेतला? खिसा चाचपून सांगा, आठवून सांगू नका! हे अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरं कोण म्हणणार? आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं.”

“मग इतकी वर्षं माझ्यासमोर...”

“तुमच्यासमोर बोलताना शेवटी एक ‘पण’ लावायचा, असं ठरलेलं आहे. नवीन कुणी बसमध्ये आलं की आम्ही त्याला आधी तेच सांगतो. मॅडम कडक आहेत, पण. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.”

पुढच्या रांगेतलेही हसले. मीही हसलो, पण मला चांगलीच चपराक बसली होती. मी ज्या गप्पा चोरून ऐकतोय असं समजत होतो, त्या माझ्यासाठी गाळून ठेवलेल्या असायच्या. घरी जाऊन मी त्या आणखी गाळायचो. बायकोपर्यंत पोचत होतं ते नुसतं साखरेचं पाणी. मी म्हटलं, “आज ‘पण’ नको. मॅडमनीच सांगितलंय.”

बोलका गंभीर झाला. असा तो कधी होत नाही. “मग खरं सांगतो. मला भीती वाटायची. लॅबच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. शिकलो असेन काहीतरी, पण काय शिकलो ते नाही आठवत, भीती आठवते.”

इअरफोनवाल्यानं एक कान मोकळा केला. “मला काहीच वाटलं नाही बगा काका. मॅडम होत्या, प्रॅक्टिकल होतं, झालं.” आणि कान पुन्हा बंद केला.

तळवड्याला ती मुलगी चढली आणि नेहमीसारखी पुढे खिडकीशी बसली. तिचं घर तिथल्या जुन्या वस्तीतलं. आमच्या कंपनीत पत्रे रंगवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात ते रोज तपासण्याचं काम तिच्याकडे आहे. म्हणजे दिवसभर तेच, ब्युरेट आणि रीडिंग. मी उठून तिच्या शेजारी गेलो आणि आडपडदा न ठेवता विचारलं. लॅब ठेवायची की सोडायची हे मॅडमना सोमवारी कळवायचंय, तेही सांगितलं.

ती म्हणाली, “काका, म्हणून तर मी कधी बोलले न्हाई. मला ते ‘पण’ लावता यायचं न्हाई.”

“नको लावू.”

“मी पयल्या वर्षाला होते. टायट्रेशन केलं, तिन्ही रीडिंग सारखी आली. खरीच आली, काका. माझा हात पयल्यापासनं थिर हाय. मॅडमनी जर्नल बघितलं आन् सगळ्यांसमोर इचारलं, कुणाचं बघून लिवलंस? मी म्हणलं, माझंच हाय. त्या म्हणल्या, पुन्हा कर. समदी पोरं घरी गेली, मी एकटी पुन्हा करत बसले. पुन्हा तीच आली! आता सांगा, मी काय करायचं?”

“काय केलंस?”

“मधल्या रीडिंगमधी पॉइंट एक वाढवला. मॅडमनी बघितलं आन् म्हणल्या, आता कसं खरं वाटतं! आन् सही केली.” ती माझ्याकडे वळली. “जन्मात पयलं खोटं रीडिंग मी मॅडमसाठी लिवलं. त्याच्यावर मला शाबासकी मिळाली. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले न्हाई.”

“अजून राग आहे?”

“व्हय, हाय. इथं कंपनीत तिन्ही सारखी आली तर मी तिन्ही सारखीच लिवते, कुणी काय बी म्हणू द्या. काका, तुमी घरी कायतरी गोड करून न्यायचं म्हणत असाल तर हे नेऊच नका. न्यायचं तर असंच न्या.”

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. बाकीचं सांगायला हरकत नव्हती. भीती बायकोला चालली असती. भीती वाटते हे तिला ठाऊक होतं. पण हे? हे सांगितलं तर ती सोमवारी काय करणार ते उघड होतं. जी बाई उभं आयुष्य खोट्याच्या मागे लागली, तिच्याच लॅबमध्ये, तिच्याच शब्दाखातर एका खऱ्या मुलीनं खोटं लिहिलं. परतीच्या बसमध्ये मी एक सोपी आवृत्ती तयारही केली. त्यात मुलीला फक्त ‘थोडं वाईट वाटलं होतं’. निगडीला उतरलो तेव्हा ती आवृत्ती मलाच पटेना. एकदा पकडला गेलो होतो, म्हणून असेल. किंवा त्या मुलीनं ‘असंच न्या’ म्हटलं होतं, म्हणूनही असेल.

बायको मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. आधी स्कार्फचं आणि ‘पण’चं सांगितलं. त्यावर ती कशीनुशी हसली. बोलक्याच्या पोटदुखीवर ती म्हणाली, “हं.” इअरफोनवाल्याचं ऐकून म्हणाली, “काहीच वाटलं नाही? काहीच?” ते तिला लागलेलं दिसलं. मग मी त्या मुलीचं सांगितलं, तिच्या शब्दांत, एकही वाक्य न गाळता.

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली.

“मला ती आठवत नाही,” ती म्हणाली. “सही केलेली आठवत नाही. शाबासकी दिली म्हणते? ती पण आठवत नाही.” आणि मग, “ती दुसऱ्यांदा करत होती तेव्हा मी कुठे होते? नक्की टेबलावर बसून दुसऱ्यांच्या जर्नलमधले आकडे तपासत असणार. दहा पावलांवर ती खरं काम करत होती आणि मी मान वर करून बघितलं नाही.”

मला तिची कीव आली. बायकोची कीव येणं चांगलं नाही, पण आली. मी म्हटलं, “इतक्या वर्षांत एकच मुलगी. तू किती जणांना...”

“एक पुरे,” ती म्हणाली. “आणि एकच कशावरून? बाकीच्यांशी तुम्ही कुठे बोललात?”

मग तिनं मेथी संपवली, भाजी फोडणीला टाकली, आम्ही जेवलो. जेवताना तिनं एवढंच विचारलं, “ती कुठल्या थांब्यावर चढते?”

“तळवड्याला.”

“उद्या मी तुम्हाला तळवड्याला सोडते.”

दुसऱ्या दिवशी रविवार, तिची सुट्टी. ती माझ्याआधी तयार होती. निगडीहून तळवड्याला निघालो तेव्हा तिनं डबा-चष्म्याचीसुद्धा चौकशी केली नाही. चौकात रसवंतीच्या शेजारी तिनं स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, मोजे काढले आणि स्कार्फ सोडून गळ्यात घेतला. शेजारून ट्रेलर धूळ उडवत जात होते. तिचे केस पांढरे झालेत हे त्या उजेडात मला नव्यानं दिसलं.

ती मुलगी गल्लीतून आली आणि आम्हाला बघून थबकली. मग तोंडी परीक्षेला उभी राहावी तशी सरळ उभी राहिली. “मॅडम.”

“यांनी मला सगळं सांगितलं,” बायको म्हणाली.

मुलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिनं ‘असंच न्या’ म्हटलं होतं खरं, पण मी खरोखर नेईन असं तिला वाटलेलं नसावं.

“मला तू आठवत नाहीस. त्याबद्दल काही बोलता येत नाही मला. तुझ्यावर अन्याय झाला, माझ्याकडून झाला, एवढं सांगायला आले. आणि एक विचारायचंय. कॉलेज म्हणतंय, लॅब सोडा. उद्या सांगायचंय. सोडू का?”

“मला कशाला इचारता, मॅडम?”

“तुझं मत हवंय.”

विद्यार्थ्याचं मत तिनं मागितलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. ती मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बस दिसायला लागली होती. मला वाटलं, ती आता ‘सोडा’ म्हणणार. तिला तसं म्हणायचा पूर्ण हक्क होता, आणि माझी बायको उद्या तेच करणार होती.

“सोडू नका,” मुलगी म्हणाली. “खोटं लिवणाऱ्याला धरणारं बी कुणीतरी पायजेच. पर पोरं करत्यात तवा बाजूला उभ्या ऱ्हावा, मॅडम. हाताकडं बघा. जर्नल मागनं बघा.”

“बरं,” माझी बायको म्हणाली.

बस आली. मुलगी चढली, तिच्यामागे मी. मी पायरीवर असताना बायकोनं हाक मारली. हाक मला नव्हती. “तुझं ते रीडिंग किती होतं?”

मुलगी दारापर्यंत मागे आली. तिला आठवावं लागलं नाही. “नऊ पॉइंट आठ पाच, मॅडम. तिन्ही येळा.”

“बरोबर होतं,” बायको म्हणाली.

मुलगी आपल्या जागेवर जाऊन बसली आणि महाळुंग्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मधे एकदा तिनं ओढणीनं डोळे पुसले. मागच्या रांगांत सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं, पण त्या दिवशी मॅडमबद्दल कुणी काही बोललं नाही.

सोमवारी बायकोनं प्राचार्यांना सांगितलं की लॅब ती सोडणार नाही. राहिलेल्या सगळ्या मुलांचं एकेक टायट्रेशन ती स्वतः शेजारी उभी राहून बघेल, आणि मग जे रीडिंग येईल त्यावर सही करेल, जुळो न जुळो. प्राचार्यांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. मुलांचं ताजं मत असं, की आधी मॅडम निदान टेबलापाशी तरी असायच्या, आता डोक्यावर येऊन उभ्या राहतात. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसलं नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी ती कॉलेजातून आली तेव्हा माझ्या मनात एक शंका घोळत होती. मी म्हटलं, “त्या मुलीचं रीडिंग बरोबर होतं म्हणालीस. तुला ती मुलगी आठवत नाही, सही आठवत नाही. मग त्या दिवशी द्रावण कुठलं होतं, उत्तर किती यायला हवं होतं, हे बरं आठवलं तुला?”

“नाही आठवलं.”

“मग बरोबर होतं हे कशावरून?”

“ती म्हणाली ना,” ती म्हणाली.